रात्री डिपर वापरा, किनाऱ्यावरसुद्धा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मी गोव्याचा मतदार नाही. तुमचा रोजचा वाचकही नाही. माझी थोरली बहीण मांद्र्याला दिली आहे. तिच्याकडे वर्षा-दोन वर्षांनी आलो की ओट्यावर बसून तुमचा अंक पहिल्या पानापासून शेवटच्या श्रद्धांजलीपर्यंत वाचतो, एवढाच आपला संबंध. पण यंदा शिमग्याआधीचे आठ दिवस नातीला घेऊन इथं राहिलो आणि किनाऱ्यावर जे बघितलं ते तसंच पोटात ठेवून गडहिंग्लजला परत जाववेना. म्हणून आक्काच्या हिशेबाच्या वहीतले कागद फाडून हे लिहितोय. लांबलं तर कात्री लावा. कासवाच्या पिलांना भुलवणाऱ्या दिव्यांचं लिहिलंय तेवढं मात्र कापू नका.

मी एस.टी.त चालक होतो. एकतीस वर्षं नोकरी, त्यातली निम्मी आजरा, आंबोली, सावंतवाडी करत पणजी. गोवा मला काय माहीत होता? पत्रादेवीचा नाका, म्हापशाची गर्दी आणि पणजीचा कदंब स्टँड. मुक्कामी गाडी लावायची, मागच्या लांब सीटवर पाय दुमडून झोपायचं, सकाळी पातळभाजी-पाव खायचा आणि डबल बेल. हजारो माणसं मी समुद्राला नेऊन सोडली. स्वतः चार वेळा गेलो असेन, तेही खिशात चावी आणि डोळा घड्याळावर ठेवून. यंदा पहिल्यांदा घड्याळ काढून आलो.

पहिल्याच दिवशी चूक मी केली, ती आधी सांगून टाकतो.

मोरजीच्या तेंबावर, शापोरा नदी समुद्राला मिळते तिथं वाळूचा एक दांडा आहे. सकाळी त्यावर पांढऱ्या पक्ष्यांचा हा एवढा थवा बसलेला. नातीच्या बापानं गावाकडून व्हिडिओ मागितला होता. बसलेल्या पक्ष्यांचा कसला व्हिडिओ, म्हणून मी धोतराचा सोगा सावरत टाळ्या पिटत थव्यात घुसलो. सगळा थवा उठला, आभाळ भरून गेलं, नात नाचली, व्हिडिओ झाला. मागनं दाजी आले. दाजी म्हणजे आक्काचे मालक. पेडण्याकडच्या मराठी शाळेत मास्तर होते. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण आवाज अजून फळ्यासमोरचाच.

"डायवरसाहेब," म्हणाले, "लांब पल्ल्याची गाडी डिझेलला लावलीय आणि अर्ध्यात कुणी नळी उपसून काढली, तर काय कराल?"

"शिव्या देईन."

"मग ते वर तेच करतायत. ऐका."

हे कुरव. तपकिरी डोक्याचे कुरव हिवाळ्यात इथं येतात आणि पिलं काढायला लडाख-तिबेटाकडच्या उंच तळ्यांवर जातात. हिवाळाभर त्यांचं डोकं पांढरंच असतं, कानामागं तेवढा एक काळसर ठिपका. फाल्गुन लागला की डोक्यावर रंग चढायला लागतो. आम्ही गेलो तेव्हा काहींची डोकी अर्धी रंगलेली होती, घाईत मेंदी लावून पळाल्यासारखी. म्हणजे निघायची वेळ झालेली. त्यांच्याच पायाशी चिमणीपेक्षा थोडे मोठे, वाळूच्याच रंगाचे चिखल्या पक्षी पळत होते. त्यांच्याही छातीवर विटकरी पट्टा उमटायला लागला होता. त्यातल्या बऱ्याच जणांना हिमालय ओलांडायचाय. एवढा लांबचा रूट, वाटेत डेपो नाही, बदली चालक नाही. त्याआधी महिनाभर खाऊन अंगावर चरबी चढवायची, तीच त्यांची टाकी. दर वेळी उडवलं की त्या टाकीतलं थोडं सांडतं. माझ्या एका व्हिडिओनं किती सांडलं असेल ते असो. त्याच सकाळी माझ्यानंतर आणखी तिघांनी तोच थवा उठवला आणि एका बाईंनी तर त्यासाठी कुत्रं सोडलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही ओढून ठेवलेल्या एका होडीच्या सावलीला बसलो आणि काहीच केलं नाही. अर्ध्या तासानं चिखल्या दहा-बारा पावलांवर आले. कसे चालतात माहितेय? भरकन पळतात, कच्चकन ब्रेक मारतात, टिपतात, परत पळतात. थेट आमचा कोल्हापूरचा रिक्षावाला. नात हसून हसून आडवी झाली तरी ते उडाले नाहीत. न हलणाऱ्या माणसाला ते दगडात जमा करत असावेत.

ओहोटीच्या वेळी वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची नक्षी दिसते ती तुम्हा गोव्याच्या लोकांना नवी नाही. आम्हा घाटावरच्यांना ती कुणीतरी काढलेली रांगोळीच वाटते. बोराच्या बीपेक्षा लहान खेकडा बिळातून निघतो, वाळू तोंडाशी नेतो, कणांवरचं खाण्याजोगं तेवढं चाटून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागं टाकतो. बिळापासून रेघा निघतात त्या त्याच्या फेऱ्यांच्या. भरती आली की सगळं पुसून जातं, पुढच्या ओहोटीला परत पहिल्यापासून. नातीनं एका बिळाभोवती दोनशे बारा गोळ्या मोजल्या आणि मग मला म्हणाली, "आबा, ह्याला ओव्हरटाइम मिळतो का?" ड्रायव्हरची नात.

आता त्या जीपचं सांगतो, कारण तिची नंबरप्लेट एमएच ०९ होती आणि मान माझीच खाली गेली. चारचाकी वाळूवर घालायला गोव्यात बंदी आहे. तसा फलक रस्त्याच्या टोकाला लावलेला होता, त्याच्या शेजारून ती खाली उतरली. चार पोरं, गाणी मोठ्यानं. खेकड्यांच्या रांगोळीवरून दोन गोल चकरा मारल्या, तिसऱ्या चकरेला ओल्या वाळूत मागची चाकं रुतली. त्या दिवशी द्वादशी. दाजींनी मला आडाखा शिकवला होता: तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ. बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे भरती रात्री नऊच्या सुमाराला. संध्याकाळचे सहा वाजत आले होते, पाणी वर सरकत होतं. पोरगा खालच्या गिअरमध्ये रेस वाढवत होता, म्हणजे चाक स्वतःच स्वतःची कबर खणत होतं. मी जाऊन म्हटलं, "बाळा, रेस सोड, टायरची हवा कमी कर, चाकाखाली गोणपाट घाल." कोल्हापूरची भाषा ऐकून तो वरमला. शेवटी ट्रॅक्टरनं ओढून काढली, पैसे मोजून.

गाडी निघाली. वरच्या कोरड्या वाळूत चाकोऱ्या राहिल्या, घोट्याएवढ्या खोल. दाजी त्या पायानं बुजवत बसले. वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. मी म्हटलं, भरती बुजवील की. "पाणी एवढ्या वर येत नाही," म्हणाले, "आणि पिलं वरनंच येतात." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. तीनच दिवसांपूर्वी जे बघितलं होतं त्यानंतर तरी. पण त्याकडं यायच्या आधी डॉल्फिन.

डॉल्फिनची सहल नातीच्या बापानं मोबाईलवरून बुक करून दिली होती. मांडवीच्या तोंडाशी नेतात. बोटीचं नाव लिहीत नाही, कारण सगळ्यांचं सारखंच चालतं. डॉल्फिन दिसला नाही तर पैसे घेणार नाही, अशी हमी. मला वाटलं, प्रामाणिक धंदा दिसतोय. बोटीत बसल्यावर कळलं की सगळी गोम त्या हमीतच आहे. मी सवयीनं चालवणाऱ्या पोराशेजारी बसलो होतो. पाण्यात एक पाठ दिसली मात्र, चहूबाजूंनी बोटी सुटल्या. अकरा मोजल्या मी. एकमेकींना कट मारत, धूर सोडत. आमच्याकडं वडाप म्हणतात त्याला. एका प्रवाशामागं चार जीपा धावतात ना, तसं. इथं प्रवाशाच्या जागी एक जनावर.

पोराला विचारलं, "असा का पळवतोस?" तो म्हणाला, "काका, दिसला नाही तर डिझेल माझ्या खिशातून." म्हणजे हमी देणारा काठावर खुर्ची टाकून बसलेला, आणि तिची किंमत बोटीवरचा पोरगा अन् पाण्यातला डॉल्फिन भरतायत. उत्पन्न कमी आलं तर जाब चालक-वाहकाला, हे मी एकतीस वर्षं बघितलंय. त्यामुळं त्या पोरावर मला राग काढता येईना.

किनाऱ्यालगत दिसतो तो पाठीवर उंचवटा असलेला डॉल्फिन. मालवणकडचे मच्छीमार त्याला गादा म्हणतात. सिनेमातल्यासारखा तो गोल उड्या मारत नाही. सावकाश वर येतो, श्वास सोडतो, पाठ दाखवतो आणि खाली जातो. त्याची वस्तीच उथळ पाण्यात, नदीच्या मुखांशी. खोल समुद्रात पळून जावं असं त्याचं बिऱ्हाड नाही. हिंदी महासागरातला हा डॉल्फिन म्हणजे वेगळी जात आहे हे शास्त्रज्ञांनी २०१४ साली नक्की केलं, आणि आज त्याची गणना धोक्यातल्या प्राण्यांत होते. गढूळ पाण्यात त्याला डोळ्यांचा उपयोग कमीच. तो आवाज सोडतो आणि परत येणाऱ्या आवाजावरून मासा कुठं, खडक कुठं, आपलं पिल्लू कुठं, ते ओळखतो. हे दाजींनी सांगितलं तेव्हा मला लगेच पटलं. आंबोलीच्या धुक्यात हातभर दिसत नाही तेव्हा आम्ही काच खाली करून, कान बाहेर काढून घाट उतरवतो. समोरून येणारी गाडी आधी ऐकू येते, मग दिसते. तशात कुणी माझ्या कानाशी अकरा इंजिनं सुरू केली तर माझी गाडी दरीत जाईल.

दोन बोटींच्या मधल्या पट्ट्यात एक मोठी पाठ आली, तिला चिकटून एक लहान. मी पोराला म्हटलं, "न्यूट्रल कर. एकदा कर, माझ्यासाठी." त्यानं माझ्याकडं बघितलं आणि खरंच केलं. इंजिनही बंद केलं. आमच्या बोटीपुरतं शांत झालं आणि दोन श्वास ऐकू आले. एक मोठा, फुस्स. त्याच्या मागं एक छोटा. नातीनं माझा हात इतका घट्ट धरला की बोटांचे वळ उठले. मिनिटभर असेल. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "ओ भाऊ, पुढं घ्या की, पैसे दिलेत." आणि इंजिन सुरू झालं. तो आवाज मराठीतच होता, तेवढं नमूद करतो.

नंतर शापोऱ्याच्या तोंडाशी खडपावर बसून आम्हाला फुकटात तीन गादे दिसले. दीड तास बसावं लागलं. नातीला कंटाळा आला होता हेही खरं. पण दिसले तेव्हा त्यांच्यामागं कुणी नव्हतं आणि ते मासे धरण्यात गुंग होते.

मधल्या एका दिवशी चोडणला गेलो, फेरीबोटीतून. तिथं सलीम अली यांच्या नावाचं पक्षी अभयारण्य आहे, अवघं १.७८ चौरस किलोमीटरचं, सगळं खारफुटीत. चिखलावर उड्या मारणारे निवटे नातीला पक्ष्यांपेक्षा जास्त आवडले. मासा असून चिखलात चालतो म्हणजे काय! मगर काही दिसली नाही. पण आक्कानं तिच्यासाठी एक गोष्ट काढली. कुंभारजुव्याच्या कालव्याकाठी, दुर्भाट वगैरे गावांत पौष अमावास्येला मातीची मगर करून पुजतात. मानगे थापणी म्हणतात तिला. खाजन शेतीचा, म्हणजे खारं पाणी अडवून केलेल्या शेतीचा बांध मगरीच्या पाण्याला लागून, उतरायचं रोज तिच्याच वाटेत. तर वर्षातून एकदा तिला घरचं माणूस मानून टाकायचं. नातीनं विचारलं, "मग मगर चावत नाही?" आक्का म्हणाली, "चावेना का. तिचंही घर आहे." आक्काचं असंच असतं.

आता कासवाचं. ह्याच्यासाठीच पत्र लिहायला घेतलं.

मांद्रे-मोरजीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या अंडी घालायला येतात हे तुमच्या वाचकांना मी सांगायला नको. थंडीत रात्रीची मादी येते, भरतीच्या रेषेच्या वर खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू ओढून अंगानं चोपते आणि निघून जाते. परत बघायला येत नाही. दीड-दोन महिने वाळूच ती उबवते. दाजी सांगतात, त्यांच्या लहानपणी ही अंडी लोक खणून नेत, खात, विकत. त्यांनी स्वतः खाल्लेली आहेत. "मास्तर असून सांगतोय," म्हणाले, "तेव्हा कुणाला त्यात काही वाटत नव्हतं." नव्वदच्या दशकाच्या शेवटी मोरजीत गावकरी आणि वनखातं मिळून घरटी राखायला लागले आणि मग हळूहळू चाल बदलली. ज्या गावानं स्वतःचं खाणं सोडलं, त्या गावाविषयी मला फार आदर आहे. पुढं जे लिहितोय ते हा आदर ठेवूनच.

मुक्कामाचा तिसरा दिवस, नवमी. पहाटे पाच. चंद्र कधीचा मावळलेला, मिट्ट काळोख. दाजी रोज या वेळी चालायला जातात, मी आणि नात बरोबर. किनाऱ्यावर हिरव्या जाळीचं एक कुंपण, त्यात घरट्यांवर खुणेच्या पाट्या, आणि तिथं वनखात्याचा एक तरुण रक्षक उकिडवा बसलेला. मी वाट दिसावी म्हणून हातातली बॅटरी मारली. तो दबक्या आवाजात म्हणाला, "काका, बॅटरी बंद करा. पिलं निघालीत."

डोळे सरावल्यावर दिसलं. वाळू खदखदत होती, पातेल्यातला भात शिजताना हलतो तशी. त्यातून एकेक काळं, तळहातात मावेल एवढं. त्यानं ती मोजून टोपलीत घेतली आणि पाण्यापासून काही पावलं अलीकडे वाळूवर सोडली. तेवढं अंतर त्यांनी स्वतः चालायलाच हवं, म्हणाला. पिलं निघाली. आणि चार-पाच पावलं गेल्यावर त्यातली बरीच वळली. समुद्राकडं पाठ करून वर, जमिनीकडं चालायला लागली.

वर एक शॅक होता, म्हणजे किनाऱ्यावरचं खाण्यापिण्याचं खोपटं. बंद, माणूस नाही. पण त्याच्या खांबावर समुद्राकडं तोंड करून एक पांढरा फ्लडलाइट रात्रभर जळत होता, कुणासाठी ते त्यालाच माहीत. पिलाला अंड्यातून निघताना एवढंच ठाऊक असतं की जिकडं खालच्या अंगाला उजेड जास्त, तिकडं समुद्र. माणसाचे दिवे नव्हते तेव्हा ते बरोबर होतं. चांदण्यांचा उजेड पाण्यावर पडतो, जमिनीकडचे टेकाड आणि झाडं काळी दिसतात. आता उलटं झालंय. वळलेलं पिलू उजेडाकडं चालत राहतं. दमतं, कुत्र्या-कावळ्याच्या तोंडी जातं, नाहीतर ऊन वर आल्यावर वाळतं. आणि वाटेत जीपची चाकोरी असली तर त्यात पडून तिच्यातूनच चालत राहतं. तीन बोटांचा जीव तो, घोटाभर खोल नाली कशी चढणार?

आणि संपादकसाहेब, मला त्या क्षणी ससा आठवला.

घाटात रात्रीची गाडी चालवणाऱ्या कुणालाही विचारा. हेडलाइटच्या झोतात ससा सापडला की तो बाजूला उडी मारत नाही. झोतातच, गाडीच्या पुढं पुढं पळत राहतो. दोन्ही अंगांना काळोख, त्याला वाटतं तिकडं भिंत आहे. हॉर्न वाजवून उपयोग नसतो, रेस मारून नसतो. गाडी हळू करायची आणि एक क्षण दिवा मारायचा बंद. अंधार झाला की ससा शहाणा होतो, झाडीत जातो. हे मला कुठल्या शिबिरात शिकवलं नाही. सुरुवातीच्या वर्षांत दोन ससे चाकाखाली गेले, तेव्हा एका जुन्या चालकानं चहाच्या टपरीवर सांगितलं.

रक्षक शॅककडं धावला, मी त्याच्यामागं. माझे गुडघे आता धावायचे नाहीत, पण धावलो. मागं पडवीत राखणीचा एक पोरगा झोपला होता, त्याला हलवून उठवलं. त्यानं बटण बंद केलं. आम्ही परत आलो तोवर, खोटं वाटेल, वळलेली पिलं थबकली होती. काही जागच्या जागी फिरत होती. मग एकेक करून परत फिरली. मघाशी दिव्यामुळं दिसत नव्हती ती पाण्याच्या कडेची फिकट रेघ आता मलासुद्धा दिसत होती. पहिली लाट आली, तिनं चार नेली. एकाला परत आणून टाकलं, ते पुन्हा निघालं. नातीच्या वहीत आकडा आहे: ८७. त्यातली अकरा फारच वर गेली होती, ती रक्षकानं काळोखात हातानं चाचपडून आणली. बॅटरी लावायची नव्हती म्हणून.

नंतर त्याच्याशी बोललो. तो म्हणाला, रात्री लोक येतात, मोबाईलचे दिवे लावून पिलांबरोबर फोटो काढतात. हातात धरतात, पोरांच्या हातात देतात. वाईट हेतूनं नव्हे, कौतुकानंच.

दाजींकडं जुन्या कागदांचा एक डबा आहे. त्यातून त्यांनी २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेची प्रत काढून दाखवली. गोव्यासाठीच्या भागात मांद्रे, मोरजी, गालजीबाग आणि आगोंद ही कासवांची ठिकाणं म्हणून नावानिशी लिहिलेली आहेत, आणि कासवांच्या विणीच्या जागी विकासकामाला परवानगी नाही असंही. कासव तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला. कागद भक्कम आहे. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर बंद, हेही सगळ्या देशाला लागू आहे आणि इथं निदान त्यावरून भांडणं तरी होतात. दिव्याला मात्र दहा वाजतच नाहीत.

माझं मागणं मोठं नाही. शॅक बंद करा असं मी म्हणत नाही. आक्काच्या शेजारची चार घरं त्यावर जेवतात. दिवा बंद करा, तो जमत नसेल तर खाली वळवा, त्याला पत्र्याची टोपी घाला, समुद्राकडचा उजेड अडवा. हॅलोजनच्या जागी मंद तांबडा दिवा लावा, त्यानं पिलं त्या मानानं कमी भुलतात. विणीचे काही महिने आणि किनाऱ्याचा ठरावीक पट्टा, एवढ्यापुरतंच. आम्ही समोरून येणाऱ्या अनोळखी गाडीसाठी रात्रीत पाचशे वेळा अप्परचा डिपर करतो, म्हणजे झोत खाली घेतो. कोण आहे, कुठल्या गावचा आहे, विचारत नाही. सवयीनं हात जातो. ट्रकच्या पाठीवर तर लिहिलेलंच असतं.

आणि येणारा कुठून येतोय तेही बघा. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायाला नंबराचा बिल्ला लावला होता. तीच मादी २०२५ च्या जानेवारीत रत्नागिरीच्या गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्वेचा समुद्र सोडून पश्चिमेच्या समुद्रात. नोकरीत माझ्याही छातीवर नंबराचा बिल्ला होता. एवढा रूट मला कुणी दिला असता तर मी रजेचा अर्ज टाकला असता. उद्या अशीच एखादी बिल्लेवाली मांद्र्याला थांबणार नाही कशावरून?

आमच्याकडं देवळात शिरताना सभामंडपात दगडी कासव असतं. त्याला हात लावून कपाळाला लावल्याशिवाय आम्ही पुढं जात नाही. नातीनं लहानपणापासून तेच कासव बघितलेलं. परतताना तिनं विचारलं, "देवळातलं कासव देवाकडं तोंड करून का असतं? त्याला पण तिकडं दिवा दिसतो म्हणून?" दाजींना उत्तर सुचलं नाही. मास्तरांना उत्तर सुचलं नाही असं मी चाळीस वर्षांत पहिल्यांदा बघितलं.

शेवटी एक काम खास तुमच्याकडं. तुमच्या अंकात हवामानाच्या चौकटीला लागून सोन्याचा भाव असतो. त्याच्या शेजारी दोन ओळी भरती-ओहोटीच्या वेळांच्या छापा, जरा ठळक. कोकणी माणसाला तिथीवरून कळतं. आम्हा घाटावरच्यांना कळत नाही. खडपातली समुद्रफुलं आणि खेकड्यांची रांगोळी बघायची ती ओहोटीला, हे आम्हाला कुणीतरी सांगायला हवं. आणि एमएच ०९ च्या पोरांना ट्रॅक्टरचं भाडंही वाचेल.

पत्राखाली माझं नाव छापू नये ही विनंती. मला भीती नाही, पण आक्काला त्याच गावात राहायचंय आणि दाजी रोज सकाळचा चहा त्या दिवेवाल्या शॅकमध्येच घेतात. त्यांनी मालकाशी बोलणं काढलंय. मी निघालो त्या दिवशी मालक म्हणाला होता, बघू, इलेक्ट्रिशियनला विचारतो.

आपला,
एक निवृत्त एस.टी. चालक, गडहिंग्लज
(मुक्काम मांद्रे, पेडणे)